काका, कोणती भरती?

नगरमध्ये पहाटे कोणी पळताना दिसला, की लोक त्याच्याकडं बघत नाहीत, त्याच्या मागं बघतात. मागं कुत्रं असेल तर दगड उचलायचा, पोलीस असतील तर कडेला व्हायचं, आणि मागं कोणीच नसेल तर मात्र खरी काळजी करायची. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कपाळाला दिवा बांधलेला गृहस्थ कोणी मागं लागलेलं नसताना पळतोय, म्हणजे घरी काहीतरी झालं असणार. पाइपलाइन रोडला एका दूधवाल्यानं गाडी थांबवून मला विचारलं, "दवाखान्यात जायचंय का? बसा मागं." नको म्हटलं, तरी तो भला माणूस थोडा वेळ माझ्या शेजारून माझ्याच वेगानं गाडी चालवत राहिला. पहिल्या गिअरमध्येही गाडी बंद पडायला लागली, तेव्हा "जपून या" म्हणाला आणि निघून गेला.

पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: एवढं मोटिव्हेशन आणता कुठून? विचारणाऱ्याची कल्पना अशी, की पावणेपाचचा गजर झाला की या माणसाच्या छातीत तुतारी वाजते आणि तो ताडकन उठून बूट घालतो. पावणेपाचला माझ्या छातीत काय असतं ते मी नीट पाहिलेलं आहे. तिथं झोप असते. झोपेच्या खाली आदल्या रात्रीची शेपूची भाजी असते. भाजीच्या खाली आणखी थोडी झोप असते. 'प्रेरणा आतून आली पाहिजे' असं जे वक्ते सांगतात ते संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमात सांगतात, चहा घेऊन, शाल पांघरून. हेच वाक्य पहाटे पावणेपाचला बोलणारा वक्ता अजून पाहण्यात आलेला नाही.

माझं मत असं, की प्रेरणा बाहेरून येते. ती शेजारच्या फाटकापाशी बनियनवर उभी असते, हातात पेपर असतो, आणि ती विचारते, "आज नाही का गेलात?"

म्हणून मॅरेथॉनच्या तयारीत बूट नंतर घ्यावेत, आधी सगळ्यांना सांगून टाकावं. केस कापणाऱ्याला सांगावं, संगमनेरच्या मेव्हण्याला सांगावं, सोसायटीच्या वॉचमनला तर नक्की सांगावं. या कामाला नगर शहराचा आकार फार सोयीचा आहे. पुण्याएवढं मोठं नाही, की कोण पळतंय आणि कोण झोपलंय याची कोणाला फिकीर नसावी. आणि खेड्याएवढं लहान नाही, की रस्ताच पुरू नये. कागदोपत्री आता जिल्हा अहिल्यानगर झाला, पाट्याही बदलल्या, पण तोंडात नगरच आहे आणि नगरची स्मरणशक्तीही जुनीच आहे. सावेडीत सांगितलेली बातमी, आपण पळत केडगावला पोहोचायच्या आत तिथं पोहोचलेली असते. एकदा का 'हे जानेवारीत मुंबईला बेचाळीस किलोमीटर पळणार' असं गावात झालं, की आपल्या पायांवर आपला एकट्याचा हक्क राहत नाही.

त्यातून फी. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत भरते, आणि तिची नोंदणी काही महिने आधी करावी लागते. म्हणजे गणपतीच्या सुमारास भरलेल्या पैशांसाठी संक्रांतीनंतर पळायचं. पैसे परत मिळत नाहीत असं कळल्यावर नगरच्या माणसाच्या पायात जे बळ येतं, ते कुठल्याही व्हिडिओनं येत नाही. लग्नात जेवणाचं ताट पुन्हा भरून घेणारे आम्ही लोक. भरलेल्या पैशाचे बेचाळीस किलोमीटर आम्ही सोडू काय? आणि ते पूर्ण बेचाळीसही नव्हे. बेचाळीस किलोमीटर आणि वर 195 मीटर. हे वरचे 195 कशासाठी, म्हणून शोध घेतला तर 1908 सालचं लंडन ऑलिम्पिक निघालं. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि मैदानात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. ते अंतर जेवढं भरलं तेवढंच पुढं 1921 मध्ये कायमचं झालं. पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत कार्यक्रम ओढत न्यायची पद्धत फक्त आपल्याकडंच नाही, एवढंच समाधान.

तयारीला सोळा ते अठरा आठवडे लागतात असं जाणकार सांगतात. जानेवारीतून अठरा आठवडे उलटे मोजत गेलं की हातात काय लागतं? गणपती, नवरात्र, दिवाळी, हुरडा, संक्रांत. हे वेळापत्रक मोदक न खाणाऱ्या देशात आखलेलं असणार. आमच्याकडं एका आठवड्यात वाढवलेले किलोमीटर आणि त्याच आठवड्यात वाढलेलं वजन यांची शर्यत लागते, आणि दिवाळीत चकली नेहमी पुढं असते.

एकट्यानं होत नाही म्हणून ग्रुप. ग्रुप म्हणजे मैदानावरचा नव्हे, फोनमधला. रात्री दहाला इथं सगळे सिंह असतात. "उद्या पाचला नक्की!", "आलोच!", अंगठे, दंडाच्या बेटकुळ्या. पहाटे पावणेपाचला मात्र शांतता असते, कारण प्रत्येक जण दुसऱ्या कोणीतरी रद्द करायची वाट बघत जागा असतो. रद्द करणारा पहिला माणूस बदनाम होतो, बाकीचे नाइलाजानं झोपतात. मग कोणीतरी विचारतं, "तुमच्याकडं पाऊस आहे का?" ग्रुपातले सगळे सावेडीतच, एकमेकांच्या गच्च्या दिसतील इतक्या अंतरावर राहतात, हे बाजूला ठेवू. पण नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसासाठी इथं लोक आभाळाकडं बघून बघून थकतात, टँकर लागतात, चारा छावण्या लागतात. आणि अशा जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात खिडकीतून हात बाहेर काढून एका थेंबासाठी देवाची करुणा भाकणारा, शेत नसलेला एकमेव माणूस म्हणजे मॅरेथॉनची तयारी करणारा. पुण्या-मुंबईच्या पळणाऱ्यांना चार महिने पावसाचं निमित्त मिळतं. आम्हाला निसर्गानं तेवढीही सवलत दिलेली नाही.

(पळणाऱ्याच्या मागं लागणाऱ्या कुत्र्यांवर सगळ्यांनीच लिहिलेलं आहे, म्हणून मी लिहीत नाही. ती आहेत.)

घरच्यांचा विरोध असतो असं समजू नका. विरोध असता तर बरं झालं असतं, विरोधावर माणूस जोरात पळतो. घरी सहकार्य असतं आणि ते फार वाईट. ही बूट दारात काढून ठेवते. काही बोलत नाही. फक्त मी झोपून राहिलो तर ते बूट सकाळी आठपर्यंत दारात तसेच ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावेत म्हणून. आईचा मुद्दा शास्त्रशुद्ध आहे: "पाय दुखतात तर पळतोस कशाला, आणि पळायचंच आहे तर पाय दुखतात म्हणून सांगतोस कशाला?" या प्रश्नाला कोणत्याही प्रशिक्षकाकडं उत्तर नाही. लांब पल्ल्याच्या संथ पळण्याला पळणारी मंडळी तीन इंग्रजी अक्षरांत 'एलएसडी' म्हणतात. "उद्या रविवार, तीन तास एलएसडी आहे, सगळे ग्रुपातले येणारेत," असं मी फोनवर बोलत असताना कॉलेजात जाणारा मुलगा खोलीतून बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नजरेत माझ्याविषयी थोडा आदर दिसला. खरा अर्थ कळल्यावर तो आदर गेला.

रविवारचा लांब पल्ला म्हणजे चांदबिबी महाल. डीएसपी चौकातून किल्ल्याकडं, तिथून भिंगार, पुढं पाथर्डी रस्ता. शहरापासून साधारण तेरा किलोमीटर, जाऊन-येऊन सव्वीस. वाटेत भुईकोट किल्ला लागतो. 1942 ते 1945 या काळात नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल अशी काँग्रेसची वरिष्ठ मंडळी इथं कैदेत होती, आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं. पहाटे त्या खंदकाजवळून जाताना मला नेहमी वाटतं, की बाहेर जायची सक्तीची मनाई असणं ही किती मोठी सोय आहे. आमच्यातल्या एकानं हिशेब काढला, की तटाचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पंचवीसेक फेऱ्यांत किल्ल्याभोवतीच मॅरेथॉन होते, मुंबईला जायलाच नको. त्याच्याशी त्या दिवसापासून कोणी बोलत नाही.

भिंगारला लष्कर लागतं. इथं जवानांची तुकडी मागून येते. आधी बुटांचा एका लयीतला आवाज, मग ती तुकडी आपल्याला ओलांडून जाते आणि जाताना बोलत असते. हे 'बोलत असते' फार लागतं. आपण ज्या वेगात एक शब्द उच्चारू शकत नाही, त्या वेगात ही पोरं रात्रीच्या जेवणावर चर्चा करतात. लष्कराचं रणगाडा संग्रहालय नगरला आहे. 1994 मध्ये सुरू झालेलं, लढाया करून थकलेले रणगाडे तिथं ओळीनं उभे आहेत. सव्वीस किलोमीटर करून परतताना तिथं जाऊन कडेला उभं राहावं, कोणी तिकीट काढून बघायला आलं तर बघू द्यावं, असं वाटत राहतं.

आणि एवढा जीव तोडून डोंगर चढायचा तो कोणासाठी? शाह डोंगरावरच्या त्या तीन मजली अष्टकोनी इमारतीत चांदबिबी नाही. निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीचा त्या महालाशी संबंध नाही आणि माझा पळण्याशी नाही, पण दोघांचीही नावं आता चिकटलेली आहेत आणि लोक ऐकायला तयार नाहीत.

ज्यांना पाय चालवायला कोणाच्या प्रवचनाची गरज लागत नाही अशी माणसं या जिल्ह्यात पैशाला पासरी. नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला पहाटे अंधारात चालत जाणाऱ्यांचा लोंढा बघा. अनवाणी. मनगटावर घड्याळ नाही, असलं तर ते फक्त वेळ दाखवतं. बुऱ्हाणनगरची पालखी तर दसऱ्याला थेट तुळजापूरला जाते. आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पुढं मिरजगाव, करमाळा करत पंढरपूरला. मी नुकता पळायला लागलो होतो तेव्हा त्या दिंडीतल्या एका मावशींनी मला हटकलं होतं. डोक्यावर पिशवी, पायात स्लीपर.

"कुठं निघालास बाबा एवढा पळत?"

"कुठं नाही मावशी. थोडं पुढं जायचं आणि परत यायचं."

"काही इसरलं व्हतं का तिकडं?"

"नाही."

"कोन वाट बघतंय?"

"कोणी नाही."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग चालत जा की."

पण माझे खरे गुरू मैदानावर भेटले. वाडिया पार्क असो, एखाद्या शाळेचं पटांगण असो, की शहराबाहेरचा नवा डांबरी रस्ता. पहाटे आणि संध्याकाळी नगर जिल्ह्यात पळणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या भरतीच्या पोरापोरींची. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक भरती. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, मग लेखी. पारनेर, पाथर्डी, शेवगाव, कर्जतकडून येतात, खोली करून चौघं-पाचजण राहतात, मेस लावतात, अभ्यासिकेत बसतात. गावाकडच्या मुली रस्त्यावर सराव करतात तेव्हा मागं वडील मोटारसायकलवर, दिवा लावून. मुलीच्या पायांखाली उजेड पडेल इतकंच अंतर ठेवून. या पोरांच्या मैदानावर मी एकदा माझे निऑन रंगाचे बूट, हायड्रेशनची बाटली अडकवलेला पट्टा आणि छातीचे ठोके मोजणारं घड्याळ घेऊन उतरलो. दोन फेऱ्या झाल्यावर एक काटकुळा मुलगा माझ्या बाजूला आला.

"काका, कोणती भरती?"

"भरती नाही रे. मॅरेथॉन."

"पास झाल्यावर काय मिळतं?"

"मेडल."

"आणि पोस्टिंग?"

"पोस्टिंग नसतं. परत घरी यायचं."

त्यानं अर्धी फेरी विचार केला. "फॉर्म फी होती?"

मी फी सांगितली. तो थांबलाच. "एवढ्यात माझी महिन्याची मेस निघती, काका." मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मित्राला त्यानं हाक मारली, "ए, इकडं ये! हे काका पैसे देऊन पळत्यात!"

दुसराही बघायला आला. त्या दोघांच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती हो, त्याचं वाईट वाटलं. निखळ काळजी होती.

त्या दिवसापासून त्यांनी मला दत्तक घेतलं. माझे हात छातीसमोर आडवे हलतात हे माझ्या किमती घड्याळाला कळलं नव्हतं, ते त्या पोराला लांबून कळलं. "हात असे नका करू काका. मागच्या खिशातून रुमाल काढल्यासारखा मागं न्या." केलं, आणि खांदे दुखायचे थांबले. टाच आपटू नका, श्वास तोंडानंही घ्या, शेवटचे दोनशे मीटर राखून ठेवा. "मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय रे, दोनशे मीटर राखून काय करू?" "मग बेचाळीसच राखून ठेवा," तो म्हणाला.

एकदा त्यालाच विचारलं, की बाबा, तुला रोज पहाटे उठायला मोटिव्हेशन कुठून मिळतं? त्याला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारला. तेव्हा म्हणाला, "जागा निघाल्यात ना."

प्रेरणेवर एवढं नेटकं उत्तर मी दुसरीकडं ऐकलेलं नाही. जाहिरात निघाली की मैदान भरतं, पुढं ढकलली की पोरं खोल्या सोडून गावाकडं कांदे काढायला जातात, पुन्हा निघाली की पुन्हा येतात. एका सेकंदानं गुण जातो, गुणानं यादी जाते, यादीनं लग्न जातं. आम्ही रविवारी पळून झाल्यावर मिसळीची ऑर्डर देताना 'आज पळून मस्त रिलॅक्स वाटलं' म्हणतो तेव्हा हे लोक स्टॉपवॉचकडं बघून तोंड पाडून बसलेले असतात. रिलॅक्स वाटण्यासाठी पळणं ही काय चैन आहे हे त्यांच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यांच्यात एकच देव आहे आणि तो शेजारच्या तालुक्यातला. नगरहून जामखेड रस्त्यानं निघालं की चिचोंडी पाटील, मग कडा, मग आष्टी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. जिल्हा बीड, पण आष्टीकर बाजाराला आणि दवाखान्याला नगरलाच येतात, म्हणून निम्मा अविनाश आम्ही आमचा धरतो. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि मोठं पळणं तिथं सुरू झालं. पुढं 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकची अंतिम फेरी. म्हणजे पोरांचा क्रम बरोबर आहे: आधी भरती, मग मेडल. आम्हीच उलटीकडून आलो. साबळेनं 2020 मध्ये दिल्लीत अर्धी मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. भागाकार केला तर किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद पडतात. संध्याकाळी पाइपलाइन रोडला स्कूटरवरसुद्धा हा वेग मिळत नाही.

आणि वेगाचा, वेळेचा, घड्याळाचा हा सगळा सोस आपल्याकडं फार जुना आहे असंही नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या, दोराबजी टाटा बघायला होते. मातीच्या रस्त्यावर अनवाणी पळणारे शेतकरी बघून ते थक्क झाले, आणि या लोकांना ऑलिम्पिकला पाठवावं असं त्यांच्या मनात आलं. मग तयारीच्या बैठकीत प्रश्न निघाला, की ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरला किती वेळ लागायला हवा? समितीतल्या एका जाणकारानं उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं असेल. इथं मिनिटं नाहीत, सेकंदाचे दशांश मोजतात, असं सांगितल्यावर ते चकित झाले. अशी आठवण सांगतात. एवढ्या माहितीवर 1920 मध्ये संघ अँटवर्पला गेला, आणि त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला उभे राहिले. तिथलं अंतर तर आजच्याहून जास्त, 42.75 किलोमीटर होतं. चौगुले 2 तास 50 मिनिटांत आले, एकोणिसावे. ऑलिम्पिकमधली भारताची ती पहिलीच मॅरेथॉन. जेल नाही, पेसर नाही, प्ले-लिस्ट नाही. माझ्या बुटांना मागच्या बाजूला हवेचा कप्पा आहे आणि मी या वेळेच्या जवळपास स्वप्नातही जात नाही. स्वप्नात मी बसलेलो असतो.

शरीरशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच बरं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं पीठ-साखरेचं इंधन साधारण दीड ते दोन हजार कॅलरींचं. पळताना दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी या ढोबळ हिशेबानं माझ्या वजनाच्या माणसाला मॅरेथॉनला तीन हजारांच्या वर लागतात. म्हणजे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला टाकी रिकामी. याला भिंत म्हणतात. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका या थकव्याच्या सुमाराला येतो, असं जाऊन आलेले लोक दबक्या आवाजात सांगतात. त्यावर उपाय म्हणजे पळता पळता खाणं. बाजारात जेलची पाकिटं मिळतात. चव औषधाची, भाव पेढ्याचा. आम्ही खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे असं खिशात ठेवतो. शर्यतीआधी तीन दिवस भात-बटाटे भरपूर खावेत, याला कार्ब लोडिंग म्हणतात. आमच्या घरात हे जावई आला की करतात, शर्यत नसली तरी.

'शर्यतीआधी नवीन पदार्थ खाऊ नका' हा नियम मला पूर्ण मान्य आहे. फक्त डिसेंबरच्या रविवारी शेतावर आगटी पेटलेली असताना, ज्वारीची कणसं चोळून गरम हुरडा हातावर पडत असताना, बाजूला लसणाची चटणी, दही आणि गूळ असताना, मित्रांनी नियम दाखवला तर त्यांना एवढंच सांगायचं, की हुरडा नवीन पदार्थ नाही. पंचवीस किलोमीटर राहिले त्या रविवारी. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये म्हणतात. मी वाढवलंच नाही.

आमच्यातला एक जण मागच्या वर्षी मुंबईला फुल करून आला. तारकपूरला बसमधून उतरला तो जिना उतरताना उलटा उतरत होता, गुडघे वाकत नव्हते. गळ्यात मेडल. रिक्षावाल्यानं विचारलं, "कितवा नंबर आला?" त्यानं आकडा सांगितला, चार अंकी होता. रिक्षावाला गप्प बसला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "मग मेडल कसं दिलं?" "पूर्ण केली की सगळ्यांना देतात." "सगळ्यांना?" रिक्षावाल्यानं भाडं मात्र कमी केलं नाही. पुढचे पंधरा दिवस गल्लीत, ऑफिसात, किराणा दुकानात त्याला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आता तो म्हणतो, यंदा पुन्हा जाणार, निदान नंबर तीन अंकी आणणार. बघा, प्रेरणा कुठून आली.

तुमच्यापैकी कोणाला जायचंच असेल तर चार गोष्टी सांगतो. मुंबईला फुलसाठी आधीच्या एखाद्या अर्ध्या किंवा पूर्ण मॅरेथॉनमध्ये नोंदलेली वेळ दाखवावी लागते, ती यंदाच कुठं तरी करून ठेवा. बूट शर्यतीच्या दिवशी नवे घालू नका. शेजाऱ्यांना आजच सांगा. आणि मैदानावर भरतीची पोरं सोळाशेची वेळ लावत असतील तर आतली लेन त्यांना मोकळी सोडा. बाहेरच्या लेनमध्ये एका फेरीला अंतर जास्त पडतं, आणि आपण जास्तीचेच तर पैसे भरलेत.